काचपट्टीवरचे नाव

(उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर, आपल्या आदिवासी आरोग्यसेवेला हातभार लावणाऱ्या मंडळीसमोर केलेले भाषण. वाचकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



दर वर्षी या दिवशी आमच्यापैकी कोणीतरी सातपुड्यातून खाली उतरून तुमच्यापुढे कामाचा वृत्तांत मांडतो. वसतिगृहातली मुले कशी आहेत, दवाखान्याची गाडी किती पाड्यांवर जाऊन आली, असे सगळे थोडे थोडे सांगतो. या वेळी पाळकसाहेब मला म्हणाले, "ताई, एकच काम सांगा, पण नीट सांगा." म्हणून मी आज एकाच कामाविषयी बोलणार आहे. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडावरून थोड्या पेशी घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, हे ते काम.

उपासनेच्या जागी, पुरुषमाणसांसमोर हा विषय काढायचा म्हणून रात्री मला झोप नीट लागली नाही. मग मला शुभवर्तमानातली ती स्त्री आठवली. बारा वर्षे तिच्या अंगावरून जात होते. वैद्यांच्या मागे जवळचा सगळा पैसा संपला होता. मत्तय, मार्क आणि लूक, तिघांनीही तिची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यांना संकोच वाटला नाही. प्रभू तर भर गर्दीत थांबला आणि आपल्याला कोणी स्पर्श केला, ते विचारू लागला. ती बरी झालीच होती, तरी ती समोर येईपर्यंत तो पुढे गेला नाही. आजच्या बोलण्याच्या शेवटी मी पुन्हा याच गोष्टीकडे येईन.

आमच्या पाड्यांवर शिबिराची दवंडी दिली की बायका पहिला प्रश्न विचारतात, "दुखत नाही, खुपत नाही, मग तपासायचे कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एच.पी.व्ही. नावाचा एक विषाणू असतो. पतिपत्नीच्या संबंधातून तो पसरतो. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो, पण काहींच्या शरीरात तो ठाण मांडून राहतो. हा विषाणू आणि हा रोग यांचा संबंध दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू राहिला की पेशी हळूहळू बिघडू लागतात. त्या बिघाडापासून खऱ्या कर्करोगापर्यंत जायला साधारण 15 ते 20 वर्षे लागतात. एच.आय.व्ही.सारख्या कारणाने शरीराची ताकद कमी झालेली असेल, तर याहून कमी. या सगळ्या वर्षांत बाईला काही दुखत नाही. दुखू लागते, रक्त जाऊ लागते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणजे देवाने आपल्याला इतकी वर्षे हातात दिलेली असतात आणि आपण ती झोपेत घालवतो. आपल्या देशात दर वर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना हा रोग होतो आणि 75 हजारांहून अधिक त्याने दगावतात.

आता तपासणी कशी होते ते सांगते. मी डॉक्टर नाही, ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेली एक समाजसेविका आहे. पण इतकी वर्षे सिस्टरांच्या बाजूला कंदील धरून उभी राहिले आहे, तेवढे मला समजते. शाळेच्या खोलीत चादर बांधून आडोसा करतात. सिस्टर एका चपट्या लाकडी काडीने पिशवीच्या तोंडावरून हलकेच एक फेरा घेतात. काडीला जो चिकट अंश लागतो, तो काचपट्टीवर एका हाताने पातळ पसरवतात आणि पट्टी लगेच स्पिरिटच्या बरणीत सोडतात. लगेच म्हणजे तत्क्षणी. पट्टी हवेत वाळली तर पेशी फुगतात, त्यांच्यावर रंग नीट चढत नाही आणि त्यांचे रूप वाचता येत नाही. त्याआधी पट्टीच्या खरबरीत टोकावर बाईचे नाव आणि नंबर घालायचा, तोही शिसपेन्सिलीने. शाईने लिहिले तर स्पिरिटमध्ये धुऊन जाते.

पुढचे काम शहरातल्या लॅबमध्ये. तिथे पट्टी रंगवतात आणि जाणकार माणूस ती सूक्ष्मदर्शकाखाली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत पाहतो. एकदा तिथल्या डॉक्टरबाईंनी मला बोलावून दाखवले. आधी निरोगी पट्टी लावली. गुलाबी, केशरी, निळसर हिरव्या रंगाच्या पसरट पेशी, आणि प्रत्येकीच्या मधोमध एक बारीक गडद ठिपका. मला तर भाकरीवर मोहरीचा दाणा पडल्यासारखे वाटले. तो ठिपका म्हणजे पेशीचे केंद्रक. मग त्यांनी दुसरी पट्टी लावली. हजारो चांगल्या पेशींमध्ये मोजक्याच पेशी वेगळ्या होत्या. त्यांच्यातला दाणा मोठा, काळपट, वेड्यावाकड्या कडेचा झाला होता आणि भोवतीची भाकरी आकसली होती. "ह्या एवढ्या शोधण्यासाठी मी बाकीच्या सगळ्या बघते," बाई म्हणाल्या. त्या आपल्या समाजातल्या नाहीत, पण नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाला शोधायला निघालेल्या मेंढपाळाचे काम त्या रोज खुर्चीवर बसून करतात, असे माझ्या मनात आले.

ही विद्या ज्यांनी शोधली त्यांच्याविषयीही दोन शब्द सांगते. जॉर्ज पापानिकोलाऊ हे मूळचे ग्रीसचे, जन्म 1883. त्यांच्याच नावावरून या तपासणीला पॅप तपासणी म्हणतात. 1913 साली ते पत्नीसह न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा पोटासाठी त्यांनी दुकानात गालिचे विकले आणि पत्नीने शिवणाचे काम केले. नंतर प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. गिनिपिगच्या पेशींचा अभ्यास करता करता ते स्त्रियांच्या पेशींकडे वळले. त्यांच्या पत्नीने वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने त्यांना तपासायला दिले. 1928 साली त्यांनी सांगितले की कर्करोगाच्या पेशी अशा नमुन्यात दिसतात. रुमानियातल्या एका डॉक्टरांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच दाखवले होते. पण पुष्कळांनी मान हलवली नाही. तुकडा कापून तपासता येतो, मग सुट्या पेशींचा हा खटाटोप कशाला, असे त्यांचे म्हणणे. पापानिकोलाऊ काम करत राहिले. हर्बर्ट ट्राउट या डॉक्टरांबरोबर 1941 साली त्यांनी निबंध आणि 1943 साली पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे जगाने ऐकले. ज्या देशांत ही तपासणी ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा झाली आणि दोष आढळलेल्या बाईला बोलावून उपचार झाले, तिथे या रोगाने मरणाऱ्यांची संख्या पुष्कळ खाली आली.

"पुन्हा पुन्हा" आणि "बोलावून" हे दोन शब्द लक्षात ठेवा. आम्ही चुकलो ते नेमके तिथे. त्या चुका तुमच्यापासून लपवून ठेवाव्यात असे मला वाटत नाही, कारण अर्पण तुमचे होते.

पहिल्या वर्षी आमच्या दोन गाड्या निघाल्या. स्पिरिटच्या बरण्या मागच्या गाडीत होत्या आणि ती घाटात बंद पडली. इकडे शाळेच्या ओट्यावर बायका पहाटेपासून येऊन बसलेल्या. कोणी दोन डोंगर ओलांडून आलेली, कोणाच्या पाठीला मूल. "गाडी येते तोवर सुरुवात करू या," असे मीच म्हटले. सिस्टरांनी नको म्हटले होते, मी आग्रह धरला. दुपारी गाडी आली तोपर्यंत सातआठ पट्ट्या टेबलावर वाळून गेल्या होत्या. लॅबचा कागद आला त्यात त्या सगळ्यांपुढे एकच शेरा होता, नमुना वाचण्याजोगा नाही.

मी पुन्हा त्या पाड्यावर गेले आणि त्या बायकांना परत तपासायला या म्हणून विनवले. चौघी आल्या. त्यांच्यातली एक मावशी मात्र आली नाही. तिच्या घराच्या ओट्यावर मी दोनदा बसून आले. ती म्हणाली, "एकदा उघडे केलेस, ते तूच वाया घालवलेस. आता मी येत नाही." मला उत्तर नव्हते. दोन वर्षांनी तिच्या अंगावरून रक्त जाऊ लागले. तिच्या मुलाने तिला झोळीत घालून दवाखान्यात आणले. रोग पसरला होता. मुंबईला नेऊन किरणांचा उपचार दिला, पण त्या वर्षीच्या पावसाळ्यात ती गेली. तिच्या वाळलेल्या पट्टीवर काय दिसले असते, हे देवालाच ठाऊक. कदाचित तेव्हाही उशीर झालेला असेल. पण मला ते कधीच कळणार नाही, आणि ते न कळणे मी सोबत घेऊन चालते. मिशनच्या सभेत मी हे कबूल केले आहे आणि आज तुमच्यापुढेही करते. आता आमचा नियम असा, की स्पिरिटची बरणी टेबलावर येईपर्यंत एकाही बाईला आडोशाआड बोलवायचे नाही, मग कितीही उन्हे चढोत.

दुसरी चूक पुढच्या वर्षीची. शिबिर दिवाळीआधी झाले. बरणी होती, पट्ट्या चांगल्या आल्या. दिवाळीनंतर लॅबचे रिपोर्ट पोचले. कागद इंग्रजीत, सिस्टर रजेवर. मी ते "वाटायचे आहेत" असे लिहून फायलीत ठेवले आणि नाताळच्या तयारीला लागले. मुलांचे नाटक, गाणी, साड्यांचे वाटप. जानेवारीत लॅबच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. "तुमच्या त्या अमुक नंबरच्या बाईचे पुढे काय केले?" मी फाईल उघडली. कागदावर लिहिले होते की पेशींत तीव्र स्वरूपाचा बदल आहे, पुढची तपासणी करावी. तो कागद दोन महिने माझ्या कपाटात होता. प्रभूच्या जन्माची गाणी आम्ही त्याच खोलीत बसवत होतो.

ती बाई पाड्यावर नव्हती. दिवाळी झाली की आमच्या भागातली निम्मी घरे रिकामी होतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि टोळी ऊसतोडीला गुजरातेत उतरते. मुकादमाचा नंबर मिळवून सिस्टर आणि मी दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात गेलो. तीन पडाव हिंडल्यावर ती सापडली. पालासमोर चूल पेटवत होती. मला बघून आधी घाबरली, घरी कोणी मेले की काय असे तिला वाटले.

आम्ही नवऱ्यालाही बसवून घेतले आणि सिस्टरांनी तिला समजेल अशा शब्दांत सांगितले. रोग झालेला नाही, पण रोगाची वाट धरली गेली आहे, ती आताच बंद करता येईल. नवरा म्हणाला, "बाई निघून गेली तर कोयता मोडतो. उचल कोण फेडणार?" मी रागावणार होते. मग दिसले की तो माणूस वाईट नव्हता, अडकलेला होता. सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांनी फारसे बिघडत नाही, पण तिला हातची जाऊ देऊ नका. तेव्हा ठरले की ती होळीला आली की थेट दवाखान्यात. नवऱ्याने आमच्यासमोर तिच्या लुगड्याच्या पदराला गाठ मारली, आठवण राहावी म्हणून.

भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात ती आली. मी फाटकात उभी होते. डॉक्टरांनी दुर्बिणीसारख्या यंत्रातून पिशवीचे तोंड पाहिले, बारीक तुकडा घेऊन तपासला. बिघाड वरच्या थरातच होता, आत शिरला नव्हता. तेवढी जागा बधिर करून विजेच्या बारीक तारेच्या कडीने तो भाग काढून टाकला. पिशवी राहिली, पोटाला टाका नाही, संध्याकाळी ती चालत घरी गेली. त्यानंतर दोनदा तिची तपासणी झाली, दोन्ही वेळा पट्टी स्वच्छ. ती मला म्हणाली, "शिबिरं पुष्कळ होतात ताई. सुई टोचतात, रक्त नेतात, परत कोणी सांगत नाही. तू कागद घेऊन पडावावर आलीस म्हणून मी आले."

प्रियजनहो, तिने माझी स्तुती केली असे समजू नका. तिने आपल्या सगळ्या कामाचे माप घातले. फोन झाला नसता तर तिचा कागद आजही त्याच फायलीत असता.

शास्त्रज्ञांनी आपल्याच महाराष्ट्रात काय शोधले तेही सांगते. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधल्या लियॉनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या गावांत विषाणूची, म्हणजे एच.पी.व्ही.ची तपासणी एकदाच झाली, तिथे या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या पॅप तपासणीने मात्र मृत्यूंत तसा ठळक फरक दिसला नाही. दुसरा अभ्यास मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला. तिथे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून, पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहिले. दर दोन वर्षांनी, चार वेळा. तिथे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

यातून आम्ही धडा घेतला. एका शिबिराचा फोटो काढून समाधान मानायचे नाही. सरकारी केंद्रांतही 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ॲसिटिक ॲसिडची तपासणी ठरवलेली आहे. आशाताईंबरोबर आम्ही बायकांना तिथे पाठवतो. जमेल तिथे एच.पी.व्ही.ची तपासणी करतो. जिच्यात दोष दिसेल तिच्या पेशी किंवा तुकडा लॅबमध्ये जातो. तेव्हा सूक्ष्मदर्शकाचे काम संपलेले नाही, ते योग्य जागी बसले आहे. आणि प्रत्येक नावापुढे आम्ही वहीत तीन रकाने आखले आहेत: नमुना घेतला, रिपोर्ट आला, बाईच्या हाती दिला. तिसरा रकाना भरेपर्यंत नाव खोडायचे नाही. स्थलांतराला जाण्याआधी मुकादमाचा नंबर आणि पडावाचा पत्ता लिहून घेतो.

आता तुमच्याकडे मागणे आहे. शिबिरासाठी लोक आनंदाने देतात. मंडप, औषधे, पाटी, सगळे दिसते. पण कागद घेऊन पडावावर जाणाऱ्या गाडीच्या डिझेलला, दवाखान्यात बाईबरोबर दोन दिवस बसणाऱ्या सोबतिणीला आणि तिच्या बुडालेल्या रोजाला द्यायला कोणी पुढे येत नाही. ते दिसत नाही. या वर्षीच्या अर्पणातला काही भाग या तिसऱ्या रकान्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

दुसरे मागणे पैशाचे नाही. इथे बसलेल्या भगिनींनो, तुमच्यापैकी किती जणींनी ही तपासणी करून घेतली आहे? हात वर करायला सांगत नाही. शहरात दवाखाना कोपऱ्यावर आहे, तरी आपण पुढे ढकलतो. डोंगरातल्या बहिणींसाठी प्रार्थना करताना स्वतःही जाऊन या. मुलींना वयाच्या 9 ते 14 वर्षांत या विषाणूविरुद्धची लस देता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली देशी लसही आता मिळते. आपल्या डॉक्टरांना विचारा. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही. आणि बंधूंनो, त्या नवऱ्याने पदराला गाठ मारली तशी तुम्हीही एक गाठ मारा. तिला एकटीला पाठवू नका.

शेवटी पुन्हा त्या बारा वर्षांच्या दुखणाईत स्त्रीकडे येते. पूर्वी मला वाटायचे, ती बरी झाली तिथे गोष्ट संपली. आता वाटते, प्रभू थांबला, त्याने मागे वळून तिला शोधले आणि तिला कन्या म्हटले, तिथे ती पूर्ण झाली. आमच्या काचपट्टीवर पेन्सिलीने एक नाव लिहिलेले असते. त्या नावाच्या माणसापर्यंत परत जाण्याची शक्ती देवबाप आम्हांला देवो, आणि जिच्यापर्यंत आम्ही पोचलो नाही त्या मावशीच्या घरच्यांना सांत्वन देवो.

प्रार्थनेत आमची आठवण ठेवा. या आठवड्यात टोळ्या निघत आहेत.

आमेन.